कोंड्याचा भोवरा

लेकरू रडलं असतं तर बरं झालं असतं. पण ते रडलं नाही. मानवत तालुक्यातलं एक गाव, श्रावणातली सकाळ. तीन वर्षांचं पोर अंगणाच्या कडेला शीला बसलं, उठलं आणि तसंच कोंबडीमागं पळालं. धुवायला तांब्या घेऊन आलेली आई जागच्या जागी थबकली. शी म्हणावी तर शी नव्हती. विटकरीसारखं काळपट लाल रक्त, ओंजळभर तरी असेल. तिनं हाक मारली तेव्हा पोर हसत होतं.

आजी आली, बघितलं, म्हणाली, "उष्णता पडली." धन्याचं पाणी झालं, सब्जा झाला, रात्री तळपायाला तूप चोळलं. दोन दिवसांत रक्त थांबलं आणि धन्याच्या पाण्याचं घरात नाव झालं. दिवाळीनंतर पुन्हा तेच. या खेपेला गावच्या डॉक्टरनं रक्ती आव म्हणून औषध दिलं. तेही लागू पडलं. म्हणजे तसं वाटलं. आतल्या काही जखमांचं वागणंच असं असतं की त्या वाहतात आणि आपोआप थांबतात. मग थांबायच्या आदल्या दिवशी जे काही दिलेलं असेल त्याला गुण आल्याचं श्रेय मिळतं आणि शोध तिथंच संपतो. या लेकराचा शोध असा दोनदा संपला.

संक्रांतीला तिसऱ्यांदा झालं तेव्हा कोंबडीमागं पळणारं पोर दाराच्या उंबऱ्यावर बसून राहायला लागलं होतं. ओठ पांढरे, तळहात पांढरे. चार पावलं चाललं की "माय, घे" म्हणायचं.

औषधं बदलत गेली तसं दोष द्यायचं ठिकाण मात्र पक्कं होत गेलं. सुनेनं पोराला दुकानातल्या तिखट पुड्या खाऊ घातल्या, हे आधी. मग पोटुशी असताना ती कापूस वेचायला उन्हात गेली, हे. शेवटी एका आतेसासूनं आठवून आठवून काढलं की सातव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं आणि हिनं विळीवर भेंडी चिरली होती. विळी आणि रक्त. जोडणी अशी चपखल बसली की गल्लीत कुणाला शंका उरली नाही. सून खाली मान घालून पोराचे कपडे धुवत राहिली. नवरा चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा येणारा. सासू बोलत होती. सासरा बोलत नव्हता.

हा सासरा म्हणजे पोराचा आबा. गाव त्याला पाटकरी म्हणायचं. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर त्यानं उभी हयात काढली होती. पैठणच्या नाथसागरातून निघून जालना, परभणीच्या काळ्या रानांतून २०८ किलोमीटर चालत येणारा हा कालवा. त्यातला आपल्या वाट्याचा तुकडा तो सायकलवरून राखायचा. पाळी सुटली की गेट उघडायचं, चारीला पाणी द्यायचं, टेलच्या शेतकऱ्याची शिवी खायची, रात्री कंदील घेऊन भराव तपासायचा. पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द गावात शेवटचा होता. घरातल्या या गोष्टीत त्यानं एकही शब्द काढला नव्हता.

परभणीला लेकरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं तेव्हा हिमोग्लोबिन सहाच्याही खाली होतं. त्यांनी आधी रक्त चढवायला लावलं. मग स्टूल ओढून बसल्या आणि म्हाताऱ्याला सोडून, सासूला सोडून, कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुनेला म्हणाल्या, "बाई, तू इकडं ये. याला धुतं कोण?"

"मीच."

"मग तूच सांग. रक्त शीच्या वरून रेघेसारखं लागलेलं असतं, का शेवटी ताजं थेंब थेंब पडतं, का सगळं मिसळलेलं?"

सहा महिन्यांत तिला कुणी काही विचारायची ही पहिलीच वेळ होती. तिनं पदराखालून मोबाइल काढला. तिन्ही वेळचे फोटो होते. कुणी बघेल म्हणून नव्हते काढले. आपल्याला वेड लागलंय का हे पुन्हा पुन्हा बघायला काढले होते. बाईंनी ते मोठे करून पाहिले. "रडला होता का? पोटाशी पाय घेतले? शेंबडासारखं काही पडलं? ताप?" प्रत्येकाला तिचं उत्तर एकच. नाही.

मग बाईंनी जे सांगितलं ते प्रत्येक आईबापानं ध्यानात ठेवावं असं आहे. लेकराची शी घट्ट होऊन जागा चिरली असेल तर खड्याला बाहेरून लाल रेघ लागते आणि पोर शी करताना ओरडतं. हे सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात कमी धोक्याचं. आव असेल तर मुरडा, शेंबूड, बहुधा ताप. मोठ्या आतड्याच्या शेवटाला मांसाचा कोंब, पॉलिप, असेल तर शी झाल्यावर ताजं लाल रक्त थेंबाथेंबानं पडतं, दुखत नाही. वर्षाच्या आतलं, नाहीतर थोडं मोठं लेकरू थांबून थांबून किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, ओकतं आणि मग लालसर जेलीसारखी शी करतं, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं; तिथं तासही घालवायचा नाही, रात्र असली तरी निघायचं. "आणि दुखत काहीच नाही, पण रक्त असं विटकरी आणि एवढं," बाई फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "तर आत काहीतरी वेगळंच आहे."

सोनोग्राफी झाली. आतड्यात आतडं शिरलेलं असतं तर पडद्यावर गोलात गोल दिसले असते. तसं काही नव्हतं. सासूनं हात जोडले. "म्हंजे पोटात काही न्हाई."

"सोनोग्राफीत दिसलं नाही, एवढंच," बाई म्हणाल्या. "नाही असं नाही म्हणत मी. दुर्बीण तोंडातून घातली तर जठरापर्यंत आणि थोडी पुढं जाते, खालून घातली तर मोठं आतडं बघून येते. मधलं लहान आतडं वेटोळ्या-वेटोळ्यांचं, तिथं पोचायला दोन्ही बाजूंनी लांब. रक्त बाहेर दिसतं खाली, पण निघतं कुठून हे त्या दिसण्यावरून कळत नाही."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि आबा उठून बाहेर गेला.

त्या रात्री रक्ताची पिशवी थेंब थेंब उतरत होती, सून पोराच्या पायाशी बसून होती आणि आबा वऱ्हांड्यात भिंतीला टेकून एक जुनं आवर्तन आठवत होता. कालव्याच्या भरावाखाली एका माणसाचं दीड एकर रान होतं. पाळी त्याची नव्हती, तरी त्याच्या ज्वारीत घोट्याएवढं पाणी. पाटकऱ्यानं सकाळी बघितलं आणि ठरवूनच टाकलं की रात्री यानं भराव फोडला. ओल याच्या रानात, म्हणजे चोर हाच. तो माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता, "पाटकरी, म्या पाण्याला हात लावला न्हाई." पाटकऱ्यानं अहवाल लिहिला. दंड बसला. त्या सालची ज्वारी विकून त्यानं तो भरला. गावानं त्याला जे नाव दिलं ते मात्र भरून फिटणारं नव्हतं. पाणीचोर.

पण पाणी येतच राहिलं. पाळी संपत आली, कालव्यातलं पाणी जेमतेम हलतं झालं, तेव्हा पाटकरी एका संध्याकाळी गिरणीतून पायलीभर कोंडा घेऊन गेला आणि काठाकाठानं मूठ मूठ टाकत वरच्या अंगाला चालत राहिला. कोंडा सावकाश वाहत होता. चाळीसेक पावलांवर एका ठिकाणी तो काठाकडं ओढला गेला, गरगरला आणि बुडाला. आणखी एक मूठ टाकली, तीही तिथंच. पाण्याखाली घुशीचं बीळ होतं. भरावाच्या पोटातून तिरकं जात ते चाळीस पावलं खाली त्या रानात उघडत होतं. पाणी शिरत होतं एकीकडं, दिसत होतं दुसरीकडं. पाटकऱ्यानं रात्रीतून काळी माती कालवली, पोती भरली, बीळ बुजवलं. सकाळी रान आटलं होतं.

बीळ बुजवलं, पण अहवाल त्यानं परत घेतला नाही. साहेबाला काय सांगायचं? गावाला काय सांगायचं? पाण्याच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा ना. तो शब्द तसाच राहिला. त्याला आता पंचवीस वर्षं होत आली.

परभणीच्या बाईंनी चिठ्ठी दिली. जठराला आम्ल कमी करायला लावणारं औषध दोन दिवस आधीपासून द्यायचं, बेरियम पाजून काढायचे फोटो आत्ता मुळीच काढायचे नाहीत आणि मुंबईला परळला एक तपासणी करून घ्यायची. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं तिघं निघाली. पोराचा बाप चाकणहून परस्पर आला.

परळच्या त्या मोठ्या रुग्णालयात तळमजल्यावर, एका जाड दाराच्या खोलीत तपासणी होती. तिथला तंत्रज्ञ मराठवाड्यातलाच निघाला. म्हाताऱ्याचं बोलणं ऐकून त्यानं हातातलं काम ठेवून सगळं समजावलं. सुईतून जे देणार ते टेक्नेशियम. हे मूलद्रव्य जमिनीत खणून मिळत नाही. माणसानं बनवलेलं हे पहिलं मूलद्रव्य, १९३७ साली इटलीतल्या पालेर्मो शहरात ओळखलं गेलं. रुग्णालयात ते शिशाच्या जाड वेष्टनातल्या एका पेटीतून काढतात. पेटीत मॉलिब्डेनम असतं, ते हळूहळू विरत जाऊन त्याचं टेक्नेशियम होत राहतं आणि रोज सकाळी खारं पाणी सोडून ते उतरवून घ्यायचं. जगभर या कामातली माणसं त्या पेटीला गाय म्हणतात आणि उतरवून घेण्याला दूध काढणं. सकाळी काढलं की सहा तासांत निम्मं उरतं, आणखी सहा तासांत त्याच्या निम्मं. म्हणून साठवून ठेवता येत नाही आणि म्हणूनच लेकराच्या अंगातही ते फार काळ राहत नाही.

"म्हंजे धारोष्णच पायजे," आबा म्हणाला.

पोराच्या हाताला सुई लागली तेव्हा ते रडलं. एवढंच काय ते दुखणं. मग त्याला आडवं निजवून पोटावर कॅमेऱ्याचं मोठं चपटं तोंड आणलं. आईला जवळ बसू दिलं. हा कॅमेरा एक्स-रेसारखा अंगावर काही सोडत नाही. अंगातून जे बाहेर येतं ते टिपतो. तासाभरापर्यंत हलायचं नाही, इतकीच अट. आणि तीन वर्षांच्या पोराला याहून मोठी अट कुठली असणार? आईनं त्याच्या कानाशी कोंबडीची गोष्ट सुरू केली. कोंबडी मानवतहून निघाली, सेलूला पोचली, तिथून पुढं निघाली... मधे एकदा त्याला उठवून लघवी करवून आणलं, कारण हे औषध मूत्राशयातही साठतं आणि तिथला उजेड शेजारचं लपवू शकतो.

पडद्यावर आधी सगळीकडं धूसर. मग डावीकडं वर एक डाग हळूहळू उजळला. "हे जठर," तंत्रज्ञ म्हणाला. "जठराच्या अस्तराला हे औषध ओढून घ्यायची सवय असते." आणि त्याच वेळी, त्याच गतीनं, खाली उजव्या बाजूला बेंबीजवळ आणखी एक डाग उजळायला लागला. बारकासा, शेंगदाण्याएवढा. जठर जसजसं उजळलं तसतसा तोही उजळला.

आबानं पडद्याकडं बघितलं. "रक्त तिथून जायलंय?"

आता तिथल्या डॉक्टरही आल्या होत्या. "नाही बाबा. रक्त वाहताना दाखवणारी तपासणी वेगळी असते. त्यात रक्ताच्या पेशींनाच खूण लावतात आणि त्या कुठं सांडतात ते बघतात. पण त्यासाठी त्या वेळी रक्त वाहत असावं लागतं. याचं आज वाहत नाहीये. हे जे दिसतंय ते रक्त नाही. ते जठराचं अस्तर आहे, जिथं असायला नको तिथं."

आबा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे पाणी न्हाई दावत. घूसच दावतंय."

डॉक्टरांना ते कळलं नाही. आबानं सांगितलं, तेव्हा कळलं.

मग त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं. आईच्या पोटात अगदी सुरुवातीला, नाळ पुरती कामाला लागायच्या आधी, गर्भाचं आतडं एका बारीक नळीनं बाहेरच्या बलकाच्या पिशवीला जोडलेलं असतं. सातव्या आठवड्यापर्यंत ती नळी विरून जाते. शंभरात दोघांच्या आसपास तिचा बुडखा राहून जातो आणि लहान आतड्याला बोटभर पिशवी लटकत राहते. बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. पण काहींच्या पिशवीत जठराचं अस्तर उगवतं. ते आपल्या धर्माला जागतं, आम्ल करतं. आणि शेजारच्या आतड्याला आम्ल सोसायची सवय नाही. तिथं व्रण पडतो, व्रणातून रक्त येतं. जर्मनीतल्या हाले गावच्या योहान फ्रीडरिश मेकेलनं १८०९ साली या पिशवीचं मूळ नीट उलगडून दाखवलं, म्हणून तिला मेकेलची पिशवी म्हणतात. त्या घराण्यात आजा, बाप, नातू तिघांनी माणसाच्या देहाची रचना अभ्यासण्यात आयुष्य घातलं होतं. या तपासणीनं ती पिशवी दिसू लागली ती मात्र १९७० च्या सुमारास. त्याआधी बहुधा पोट उघडूनच बघावं लागायचं.

"प्रत्येक पिशवी यात दिसत नाही," डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं. "जिच्यात हे अस्तर नाही ती दिसणार नाही. आज काही दिसलं नसतं तर आम्ही शोध थांबवला नसता. पण दिसलं."

बापानं विचारलं, "पण झालं कशानं? खाण्यात काही..."

"खाण्यानं नाही."

"उन्हानं?"

"नाही." डॉक्टर सुनेकडं वळल्या. "ताई, ही नळी विरायची ती दुसऱ्या महिन्यात. तेव्हा तुम्हाला दिवस गेलेत हेसुद्धा नीट कळलं नसेल. त्यानंतर तुम्ही काय खाल्लं, कुठं गेलात, काय चिरलं, याच्याशी याचा काहीच संबंध नाही."

विळीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अशा कितीतरी आया त्यांच्यासमोर बसून गेल्या असतील, म्हणून त्यांच्या तोंडी ते आलं असावं. सून इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बसली होती. तिनं पोराला उराशी धरलं आणि मोठ्यानं रडली. दुःखात रडायची सोय नव्हती तिला. सुटल्यावर रडली.

आबा तिच्यासमोर उभा राहिला. मराठवाड्यातल्या सासऱ्यानं सुनेसमोर असं उभं राहणं म्हणजे काय हे तिकडच्या वाचकाला सांगायला नको. म्हणाला, "माय, मला हे म्हाईत व्हतं. ओल दिसती तिथं चोर नसतो, हे मला पंचवीस वर्सांपासून म्हाईत व्हतं. तरी म्या घरात तोंड उघडलं न्हाई."

"जाऊ द्या, मामा," ती म्हणाली.

"न्हाई. जाऊ द्यायचं न्हाई."

चौथ्या दिवशी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. पिशवी काढली, आतडं सांधलं. आठवड्यानं पोर "भाकर दे" म्हणालं. परभणीच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून कळवलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पोराची आई कशी आहे?"

घरी पोचले तेव्हा आजी भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. पोरावरून ओवाळला. टाकून द्यायला वळली, थांबली, आत जाऊन दुसरा तुकडा आणला आणि सुनेवरून ओवाळला. तोंडानं काही बोलली नाही. आतेसासू शेजारीच उभी होती, तिच्याकडं मात्र एकदा बघितलं. पोरगं तोवर आईच्या कडेवरून उतरून कोंबडी कुठं आहे ते शोधत होतं.

आबानं पाय धुतले नाहीत. पिशवी ओसरीवर ठेवली आणि तसाच निघाला. भरावाच्या वाटेनं, त्या दीड एकराकडं. तो माणूस आता थकला होता. लिंबाखाली बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. पाटकऱ्याला बघून त्यानं हात थांबवला, पण बस म्हणाला नाही.

पाटकऱ्यानं उभ्यानंच सांगितलं. घूस होती. बीळ चाळीस पावलं वर होतं. तू पाण्याला हात लावला नव्हतास. मला त्याच आठवड्यात कळलं होतं.

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला ठावं हाय. तू कोंडा टाकत आलास तव्हा मी ज्वारीत बसून बघत व्हतो. बीळ बुजिवलंस ते बी बघितलं. मला वाटलं, सकाळी येतंय पाटकरी सांगायला." त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. "मंग वाटलं, पाळी संपली की यील."

वाऱ्यानं लिंबाची पानं हलली. पलीकडं त्याचा पोरगा बैलांना वैरण टाकत होता. म्हाताऱ्यानं त्याला हाक मारली.

"इकडं ये रं. बस हितं." आणि पाटकऱ्याकडं बघून म्हणाला, "आता पुन्यांदा सांग. पयल्यापासून."

पाटकरी खाली बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला.